एक मात्रा, एक म्हैस

करंगळी

म्हैस पहाटेपासून रेकत होती आणि गहिनीनाथला कवितेची शेवटची ओळ सुचत नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच गोठ्यात चालल्या होत्या. म्हैस खुंट्याभोवती फिरत होती आणि गहिनीनाथ म्हशीभोवती.

"माजावर आलीय," मनकर्णा म्हणाली.

"काठी उरते," गहिनीनाथ म्हणाला.

"कुनाच्या काठी?"

"तळ्याच्या."

मनकर्णानं शेणाची पाटी खाली ठेवली. नवरा जागेवर आहे की नाही, हे ती त्याच्या तोंडाकडे बघून ठरवत नसे. ती त्याच्या उजव्या हाताकडे बघत असे. आताही तिथला अंगठा करंगळीपासून निघून एकेका पेरावर पाय देत वर चढत होता.

"अवो, मी म्हशीबद्दल बोलतीय."

अंगठा थांबला. "बोल की."

"हिचा माज मुका. कवा येतो, कवा जातो, पत्ता लागत न्हाई. आज वरडतीय ही देवाची किरपा. तिसगावच्या बाजारात रेडेवाला श्रीमंत आपला रेडा घेऊन येतो. हिला न्या, रेडा दाखवा आन माघारी आना. वाटंत थांबू नका."

"न्हाई थांबत."

"मागल्या येळीबी हेच म्हनला हुता."

मागच्या वेळी गहिनीनाथला ओढ्याच्या काठावर सुनीत सुचलं होतं. सुनीत चौदा ओळींचं असतं. चौदावी ओळ होईपर्यंत सूर्य मावळला होता आणि म्हैस शांत झाली होती. तेव्हापासून ती आटत चालली होती. आता सांजेला चरवीचा तळ झाकेल एवढंच दूध निघे, आणि तेही मनकर्णाच्याच हाताला. परक्या हाताला ती पान्हाच सोडत नसे. या खेपेलाही माज हुकला तर येतं सालभर तरी ती व्यायणार नव्हती आणि घरात दुधाचा थेंब दिसणार नव्हता.

म्हशीचं नाव चांदी. कपाळावर एक पांढरा ठिपका, म्हणून चांदी. बाकी ती म्हशी असतात तेवढीच काळी होती. मनकर्णाच्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, ती लेकीला दिली होती आणि देताना जावयाकडे बघून म्हणाले होते, "तुमच्या घरात एक तरी जीव जमिनीवर चालनारा असावा."

"आन वाटंत काही सुचलं," मनकर्णा दावं त्याच्या हातात देत म्हणाली, "तर गिळा."

आता गहिनीनाथविषयी. तो गुरांच्या बाजारातला दलाल होता. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहायचं, उपरणं हातावर पसरायचं आणि उपरण्याखाली समोरच्याची बोटं दाबून भाव बोलायचा, हा त्याचा धंदा. वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा मारायच्या. किंमत फक्त बोटांना कळायची, बाजाराला नाही. शेवटी अंगठा धरला की सौदा झाला. मग ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही.

आणि गहिनीनाथ कवीही होता. टोपणनाव 'मानसहंस'. हे नाव तिसगावात एकाच माणसाला ठाऊक होतं: मिशन शाळेतल्या यशया मास्तरांना. ते स्वतः उपासनेची गीतं रचत. त्यांच्याच खटपटीनं दुसऱ्या दिवशी नगरच्या एका छोट्या कविसंमेलनात मानसहंस यांना बोलावणं आलं होतं. कविता हंसावर होती. पाथर्डी तालुक्यात हंस कोणी पाहिला नव्हता. त्यामुळे वर्णनाला अडचण नव्हती.

शुभ्र पिसांनी निळ्या जळावर
लिहितो कोणी मौन कहाणी
आणि तळ्याच्या काठी उरते
. . . . . . . . . . . . . . . .

एवढं झालं होतं. ठिपक्यांच्या जागी सोळा मात्रा हव्या होत्या आणि शेवटी 'कहाणी'ला यमक. जे सुचे ते पंधरा मात्रांचं निघे. महायुद्धामुळे कागद मिळेनासा झाला होता, तेव्हा लिहून खोडायची चैन नव्हती, सगळं बोटांवर. आणि दलाल बोटं मोजताना दिसला तर बाजार हसणार, म्हणून गहिनीनाथ मात्रा मोजायचा तो उपरण्याखाली.

गोष्ट इथंच बिघडली. पण अजून सकाळच आहे.

अनामिका

लढाईच्या त्या वर्षांत रॉकेलला रांग होती, साखरेला रांग होती, लुगड्याला रांग होती. श्रीमंतच्या रेड्यापुढेही म्हशींची रांग होती. गहिनीनाथनं चांदीला बाभळीला बांधलं, श्रीमंतकडे नंबर लावला, आणि बाभळीच्या बुडाशी बसून उपरणं मांडीवर पसरलं.

सुचलं तर गिळायचं, असं ठरलं होतं. पण सुचत काहीच नव्हतं, तेव्हा गिळायचाही प्रश्न नव्हता. तो फक्त मोजत होता.

तेवढ्यात पाथर्डीचा कारभारी येऊन शेजारी टेकला. कारभारी हे त्याचं नाव; तो गुरांचा मोठा व्यापारी. आजवर त्याला कोणी फसवलं नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. शेजारच्या उपरण्याखाली काहीतरी हलतंय हे त्याला दिसलं. लग्नघरात मंगलाष्टकं ऐकू आली की हात आपोआप अक्षतांकडे जातो, तसा त्याचा हात उपरण्याखाली गेला.

उपरण्याच्या वर:

"काय म्हनतो पाऊस?" कारभारी.

"काय म्हननार," गहिनीनाथ.

दोघं आभाळाकडे बघतात. सौदा करताना आभाळाकडेच बघायचं असतं. आभाळात काही नाही.

उपरण्याच्या खाली:

गहिनीनाथचा अंगठा आपल्या बोटांवरून उतरून कारभारीच्या बोटांवर चढतो. करंगळी, अनामिका, मधलं. ही बोटं जाड आहेत, मोजायला सोयीची आहेत. कारभारीची बोटंही दाबतात. परत दाबतात. थांबतात. गहिनीनाथ पंधरापर्यंत येतो, अडतो, पुन्हा करंगळीपासून निघतो.

उपरण्याच्या वर:

आभाळ.

असं किती वेळ चाललं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. शेवटी कानिफनाथ समोर येऊन उभा राहिला. तो दावी, कासरे आणि घुंगरं विकत असे. गुरांच्या बाजारात रिवाज असा, की विकणारा जनावर देतो पण दावं आपल्याकडे ठेवतो. घेणाऱ्यानं नवं दावं आणायचं. त्यामुळे दुसऱ्यांचे सौदे होतात का नाही, यावर कानिफनाथची बारीक नजर असे.

"झाला का सौदा?" त्यानं विचारलं.

दोघं दचकले. उपरणं घसरलं. खाली गहिनीनाथनं कारभारीचा अंगठा धरला होता आणि कारभारीनं गहिनीनाथचा. आजूबाजूला चार माणसं जमली होती.

"झाला," कारभारी म्हणाला.

"झाला," गहिनीनाथ म्हणाला.

दलालानं अंगठा धरून 'चुकून' म्हणायचं नसतं. आणि खरं सांगायचं तर आणखीच पंचाईत. 'मी कवितेच्या मात्रा मोजत होतो' असं म्हटलं असतं, तर ज्या ज्या माणसाचं जनावर गहिनीनाथनं आजवर विकून दिलं होतं तो प्रत्येक माणूस येऊन विचारता झाला असता: माझ्या बैलाच्या वेळी काय रचत होतास?

कानिफनाथनं घायपाताचं नवं कोरं दावं काढलं, चांदीच्या गळ्यात घातलं, दुसरं टोक बाभळीला बांधलं आणि जुनं सोडून गहिनीनाथच्या खांद्यावर टाकलं. कारभारीनं विसार म्हणून एक नाणं गहिनीनाथच्या हातावर ठेवलं. चांदी विकली गेली.

"बाकीचं सांजच्याला," कारभारी म्हणाला. "ठरल्यापरमानं."

"ठरल्यापरमानंच घेईन," गहिनीनाथ म्हणाला.

काय ठरलं होतं, हे त्याला माहीत नव्हतं.

इतक्यात श्रीमंतनं लांबून हाक दिली, "गहिनीनाथ, तुजा नंबर. आन म्हैस."

"म्हैस आता यांची हाय."

"मंग तुमी आना," श्रीमंत कारभारीला म्हणाला.

"येव्हार पुरा हू दे, मंग बघू," कारभारी म्हणाला. श्रीमंतनं पुढच्या म्हशीला बोलावलं.

गहिनीनाथपुढे आता एकच वाट होती. सौदा आपण मोडायचा नाही. कारभारीलाच मोडायला लावायचा. म्हशीत खोट काढायची. पोटच्या पोरीची बदनामी करावी तसा तो जड मनानं बोलू लागला.

"कारभारी, एक सांगायचं ऱ्हायलं. परक्या हाताला दूध देत न्हाई ही."

कारभारीच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकलं. मग त्याला आठवलं, की आपल्याला आजवर कोणी फसवलेलं नाही.

"ते मी बघितलं की तवाच," तो म्हणाला. "इमानी जनावर. मला असंच पायजे हुतं."

"आटलीय."

"आटलेलीच घेतो मी. सस्त्यात पडते." आणि मग, जरा चाचपत, "सस्त्यातच पडली न्हवं?"

"ठरल्यापरमानं पडली."

"व्हय, व्हय. ठरल्यापरमानं."

कारभारी म्हशीभोवती एक फेरा मारून आला. मग कारभारीनं उलटी सुरुवात केली. "पाय जरा फताडा वाटतो रं हिचा."

गहिनीनाथच्या बापानं आणि आज्यानं याच बाजारात दलाली केली होती. पाय म्हटल्याबरोबर त्याची जीभ त्याला न विचारता सुटली. "फताडा? असला पाय तालुक्यात दावा. चिखलात रुतायचा न्हाई, खडकावर घसरायचा न्हाई."

"शिंग येक वाकडं हाय."

"वाकडं न्हाई, वळनदार हाय. तिच्या आईचंबी असंच. ती मरंस्तवर दूध देत हुती."

"मारकी असंल."

"लेकरानं शेपूट धरलं तरी हलनार न्हाई."

बोलून झाल्यावर गहिनीनाथनं जीभ चावली. कारभारीचा चेहराही पडला होता, पण तो का पडावा हे गहिनीनाथला कळलं नाही. त्यानं जुनं दावं खांद्यावर सारखं केलं आणि तो यशया मास्तरांना शोधायला निघाला.

मधलं बोट

यशया मास्तर रॉकेलच्या रांगेत होते. शाळेला सुट्टी होती आणि त्यांच्या बायकोनं, हन्नाबाईंनी, सांगितलं होतं, की डबा भरल्याशिवाय घरी येऊ नका. मास्तर डोळे मिटून उभे होते. लोकांना वाटे ते प्रार्थना करतात. ते पुढच्या रविवारच्या गीताचं ध्रुपद जुळवत होते.

गहिनीनाथनं त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही हंस पुरा करायला म्हैस विकलीत," मास्तर म्हणाले.

"पुरा कुठं झाला? येक मात्रा कमी पडतीय."

"कुठल्या ओळीत?"

"शेवटच्या."

"म्हणून दाखवा."

गहिनीनाथनं म्हणून दाखवली. मास्तरांनी बोटं पुढे केली. 'उदास पाणी' घेऊन बघितलं, 'एकाकी पाणी' घेतल्यावर सतरा झाल्या, 'नुसते पाणी' घेतल्यावर पुन्हा पंधराच भरल्या. रांग दोनदा पुढे सरकली. शेवटी मागच्या म्हातारीनं मास्तरांचा डबा पायानं पुढे ढकलला आणि म्हणाली, "तुमचं भांडान मिटवा आधी, मंग या."

गहिनीनाथ भानावर आला. "मास्तर, म्हैस."

"हो. म्हैस. काय करायचं?"

"तुमी जायाचं आन कारभारीकडून ती इकत घ्यायची. तुमी मला द्यायची. दलाली मी करनार, म्हंजी कुनाला संशय न्हाई."

"पण मला खोटं बोलावं लागेल."

"उपरन्याखाली बोलतच न्हाईत, मास्तर. खोटं कसं बोलाल?"

मास्तरांनी यावर विचार केला. शास्त्रात याला थेट मनाई सापडली नाही. डबा रांगेत नंबर धरायला ठेवला आणि दोघं निघाले. वाटेत गहिनीनाथनं बोटांची भाषा शिकवली: एक बोट धरलं की काय, दोन धरली की काय, सगळा पंजा धरला की काय. मास्तर मान डोलावत होते. बाभळीपाशी पोचेपर्यंत ते सगळं विसरले होते.

कारभारी म्हशीपाशी बसला होता. मास्तरांना म्हैस हवी आहे हे ऐकून त्याचा चेहरा उजळला. तो फारच उजळला, असं गहिनीनाथला वाटलं. उपरणं पसरलं गेलं. मास्तरांचा हात आत गेला, कारभारीचा हात आत गेला, आणि मध्यस्थ म्हणून गहिनीनाथचाही.

उपरण्याच्या वर:

"काय म्हनतो पाऊस, मास्तर?"

"परमेश्वराची इच्छा."

उपरण्याच्या खाली:

कारभारीची अडचण अशी, की आपण ही म्हैस काय भावानं घेतली हे त्याला माहीत नव्हतं. मग सांगायची काय भावानं? तो घाबरला. आणि घाबरला की त्याची बोटं एक ठराविक काम आपोआप करू लागत. ती दाबायची, दाबायची, मग हलकी टाळी दिल्यासारखी पडायची, पुन्हा दाबायची.

मास्तरांना भाव कळत नव्हता. पण मास्तरांनी इतकी वर्षं शाळेत गायन शिकवलं होतं.

त्यांनी आभाळावरून नजर काढून कारभारीकडे बघितलं. हे बाजाराच्या रीतीत बसत नव्हतं. मग वाकून ते हळूच म्हणाले, "दुसऱ्या चरणात तुमची एक कमी पडतेय."

कारभारीच्या तोंडचं पाणी पळालं. "कशात?"

"जे रचताय त्यात. पहिला चरण सोळाचा, दुसरा पंधराचा."

"मास्तर, पाया पडतो, हळू बोला." त्यानं चारी बाजूंना बघितलं. "मंडळी माळकरी हाय माझी. आन बाजारात समजलं तर मला दारात कोन उभं करील?"

"उपासनेचं आहे का?"

"लावनी हाय," कारभारी म्हणाला. "फडासाठी." आणि धंद्यात आयुष्यभर न दाखवलेला लाजरेपणा दाखवून त्यानं ती कुजबुजत म्हटली:

नथीत अडके जीव कुणाचा
सोडव आता तू साजणा

"तूच," गहिनीनाथ म्हणाला.

"मी काय केलं?"

"'तू' न्हाई. 'तूच साजणा' म्हना. भरली बघा."

कारभारीनं मोजून बघितली. भरली होती. त्यानं गहिनीनाथकडे असं बघितलं, जसं त्यानं आजवर कुठल्याच खिलारी खोंडाकडेही बघितलं नव्हतं. मग हळूहळू त्याच्या कपाळावर आठी उमटली.

"गहिनीनाथ, तुला मोजता येतं?"

"येतं थोडं."

"सकाळी तू माझी बोटं धरून वर वर चढत हुतास. मला वाटलं, भाव चढवतोय."

"मी हंस मोजत हुतो. तुमी दाबत हुता ते?"

"नथ."

तिघंही थोडा वेळ आभाळाकडे बघत राहिले.

"मग म्हैस घेतली कोणी?" मास्तरांनी विचारलं.

"मी तर न्हाई घेतली," कारभारी म्हणाला. "सकाळपासनं इचार करतोय, हिला खपवू कुठं."

"आन मी न्हाई इकली," गहिनीनाथ म्हणाला. "मंग 'झाला' कशाला म्हनलात?"

"तू म्हनलास म्हनून."

"आधी तुमी म्हनलात."

"कानिफनाथनं इचारलं म्हनून," कारभारी म्हणाला.

विसाराचं नाणं उपरण्याखालूनच परत गेलं. बाहेर उभ्या असलेल्यांना काही दिसलं नाही. हात मात्र कोणी बाहेर काढले नाहीत. उपरण्याखाली हात असलेल्या माणसांना बाजारात कोणी हटकत नाही. ना गिऱ्हाईक, ना नातेवाईक, ना बायको. तिघांपैकी कोणालाही आयुष्यात इतकी निवांत जागा आजवर मिळाली नव्हती.

"तो हंस म्हन की पयल्यापासनं," कारभारी म्हणाला.

भोवती माणसं जमू लागली. तीन हात एका उपरण्याखाली, म्हणजे सौदा मोठाच असणार. "मिशनवाले अख्खा गोठा घ्यायलेत," कोणीतरी म्हणालं.

तर्जनी

घायपाताच्या नव्या दाव्याची गाठ भिजवल्याशिवाय बसत नाही. कानिफनाथ हे गिऱ्हाइकाला सांगत असे. पण गिऱ्हाइकानं विचारलं तर.

ऊन उतरलं. श्रीमंतनं रेडा घराकडे वळवण्याआधी एकदा मोठ्यानं हाक दिली, "कुनाची म्हैस ऱ्हायलीय का?"

 उपरण्याखाली तेव्हा यशया मास्तरांच्या गीताचं तिसरं कडवं चाललं होतं.

अंगठा

बाजार उठल्यावर तिघं उठले. बाभळ होती. म्हैस नव्हती.

"माझी न्हवती," कारभारी घाईघाईनं म्हणाला.

"माझी हुती," गहिनीनाथ म्हणाला आणि पळत सुटला.

मास्तर रॉकेलच्या दुकानावर गेले. दुकान बंद झालं होतं. डबा एकटाच उभा होता; त्याचा नंबर मात्र पहिला लागला होता. तो उचलावा की उद्यापर्यंत राहू द्यावा, याचा ते बराच वेळ विचार करत राहिले. तेवढ्यात दोन शेतकरी अदबीनं जवळ आले आणि एक बैलजोडी बघायला मास्तर येतील का, असं विचारू लागले. ज्यानं कारभारीला दिवसभर उपरण्याखाली धरून ठेवलं, त्या माणसाची पारख काय असेल, असा बाजारात बोलबाला झाला होता.

गहिनीनाथ ओढा ओलांडून घरी पोचला तेव्हा चांदी खुंट्याशी उभी होती. धारेची वेळ झाली तशी ती आपल्या पायांनी आली होती. धार काढून झाली होती. चरवीचा तळ जेमतेम झाकला होता. म्हैस शांत होती. सकाळी रेकत होती ती हीच का, अशी शंका यावी इतकी शांत.

मनकर्णा गोठ्याच्या दारात बसली होती. तिच्या हातात चांदीच्या गळ्यातल्या दाव्याचं टोक होतं.

"नवं हाय," ती म्हणाली.

"जुनं झिजलं हुतं."

"जुनं तुमच्या खांद्यावर हाय. लई झिजलेलं दिसत न्हाई."

गहिनीनाथनं खांद्यावरचं दावं काढून मागे लपवलं. उशीर झाला होता.

"माज्या बापानं शंभर जनावरं इकली असतील," मनकर्णा म्हणाली. "दावं कवा बदलतात ते मला म्हाईत हाय. कुनी घेतली हिला?"

"कुनी न्हाई."

"मंग इकली कुनी?"

"कुनीच न्हाई. देवाशपथ. मास्तरांना इचार."

"मास्तरबी हुते का तिथं?" मनकर्णानं एवढंच म्हटलं. तिला अर्धं कळलं. दाव्याचं टोक सोडून ती उठली. आता ती जे विचारणार होती ते गहिनीनाथला ओढ्यापासूनच ऐकू येत होतं.

"आन रेडा?"

गहिनीनाथनं आभाळाकडे बघितलं.

मनकर्णा इतक्या वर्षांची दलालाची बायको होती. आभाळाकडे बघण्याचा अर्थ तिला सांगावा लागला नाही.  तिनं चरवी उचलली, तळाशी हललेल्या दुधाकडे बघितलं, मग म्हशीकडे, मग कोरड्या पडलेल्या दगडी डोणीकडे. उन्हातून चालत आलेलं जनावर तहानेलं होतं.

"बादली भरा, पाजा पाणी," ती म्हणाली आणि पाठ फिरवून चुलीकडे निघाली.

गहिनीनाथ बादलीकडे वळला. दोन पावलं गेला आणि थांबला. उजवा हात उपरण्याखाली शिरला होता. करंगळी, अनामिका, मधलं, तर्जनी. पुन्हा करंगळी. बा-द-ली-भ-रा, आठ. पा-जा-पा-णी, आठ. एक कमी नाही, एक जास्त नाही. यमकसुद्धा.

तो ओठांतल्या ओठांत म्हणाला:

आणि तळ्याच्या काठी उरते
बादली भरा, पाजा पाणी

आणि दचकला; कारण त्यातून हंस उडून गेला होता, आणि कविता पहिल्यांदाच कुठंतरी टेकली होती.

"काय हलतंय खाली?" मनकर्णा चुलीपाशी न जाता परत आली होती.

"काही न्हाई."

ती जवळ आली. तिनं उपरण्याखाली हात घातला, चाचपून त्याचा अंगठा धरला आणि सोडला नाही. जन्मभर बाजारात वावरलेल्या गहिनीनाथला याचा एकच अर्थ माहीत होता. हा सौदा मोडता येणार नव्हता.

"काय ठरलं?" त्यानं विचारलं. सबंध दिवसात हा प्रश्न त्यानं पहिल्यांदाच तोंडानं विचारला होता.

"कोरा चहा," मनकर्णा म्हणाली. "सालभर."